खुरासणीतला वाघ

शहरात खुरासणी ओळखतात ती चटणीतली. इथे तिला कारळे म्हणतात. माझ्या स्वयंपाकघरात तिची बरणी खिडकीशी असते. काळे बारीक दाणे तव्यावर टाकले की तडतडतात, आणि वास असा सुटतो की शेजारचं दार उघडतं. पण हे दाणे ज्या फुलातून येतात ते फूल मी तिशी ओलांडेपर्यंत पाहिलं नव्हतं. पुस्तकांत वाढलेल्या माणसाचं असं होतं. दाणा माहीत असतो, फूल माहीत नसतं.

परवा हरसूलच्या जीपमध्ये बसले. त्र्यंबक मागे पडलं, घाट लागला, आणि एका वळणावर समोरचा अख्खा डोंगर पिवळा झालेला दिसला. दिवाळी तोंडावर आली की तिकडच्या उतारांवर खुरासणी अशी फुलते. खाचरांत भात पिकत आलेलं असतं, नागली माना टाकत असते, आणि त्यांच्या वर, जिथे दुसरं काही येत नाही त्या मुरमाड उतारावर, हे पिवळं पसरलेलं असतं. माझ्या शेजारी जनी झोपली होती. नाशिकला डी.एड. करणारी माझी जुनी विद्यार्थिनी. दुसऱ्या बाजूला एक अनोळखी गृहस्थ होते. आणि मला सवयीने कुणाला तरी कोपराने ढोसून म्हणावंसं वाटलं, "बघ, आली."

ज्या कुशीला ते कोपर ओळखीचं होतं ती लीला भाद्रपदात गेली. बरेच दिवस आजारी होती. तेव्हापासून मी लिहायला बसते, दोन ओळी लिहिते, उठून झाडांना पाणी घालते, परत येऊन त्यातली एक खोडते. पण खुरासणी फुललेली पाहून आल्यावर वाटलं, लीलाबद्दल लिहायचं तर या पिवळ्या हंगामाबद्दलच लिहावं. तिच्या आजाराबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. तिच्या जिंकण्याबद्दल आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हरसूलच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर दोन शिक्षकी शाळा होती आणि ते दोन शिक्षक म्हणजे आम्ही दोघी. मी नाशिकची. लीला सुरगाण्याकडची, कोकणा समाजातली. तिची मायबोली कोकणी. समुद्रकाठची वेगळी, ही डोंगरातली, पाड्यावरही घरोघर तीच बोलली जायची. हरसूलला आमची एक भाड्याची खोली होती, एक स्टोव्ह होता आणि दोघींत मिळून एक चांगली छत्री होती. आमच्याकडे पहिलीत आलेली मुलं बोलत नसत. खेळताना बोलत, झाडावरून बोलत, बकऱ्यांशी तर भांडत. वर्गाचा उंबरा ओलांडला की गप्प. हजेरी घेतली तरी हात वर करत, आवाज नाही. भिंतीवरच्या तक्त्यात ज जहाजाचा होता. त्या मुलांनी जहाज सोडा, होडीसुद्धा पाहिलेली नव्हती. ती जहाजाकडे बघत आणि दोन-तीन वर्षांनी, काही न बोलता, शाळेतून निघून जात.

त्याच वर्षी नाशिकला पदवीधर शिक्षकांसाठी एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम निघाला. द्विभाषिक आणि बहुसांस्कृतिक शिक्षण असं त्याचं नाव. आमचे केंद्रप्रमुख म्हणाले, "एवढं लांब नाव लग्नपत्रिकेतसुद्धा नसतं. करून काय मिळणार?"

लीला म्हणाली, "सर, रविवारी नाशिकला जायला मिळेल."

खरं कारण तिने मला एसटीत सांगितलं. खिडकीबाहेर बघत, अगदी सहज. "ताई, मीपण दोन वर्षं बोलले नव्हते शाळेत. मला सगळे मुकी म्हणायचे."

संपर्क सत्रं एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर होत. पंखा फिरला की खडूची धूळ खाली यायची. मालेगावचे उर्दू शाळेतले शेख सर होते, सटाण्याचे एक अहिराणी बोलणारे गुरुजी होते. पहिल्याच रविवारी शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हांला एक साधी गोष्ट करायला सांगितली. लहानपणी आई जेवायला कशी हाक मारायची, तशीच मारून दाखवा. सटाण्याच्या गुरुजींनी पोटापासून आवाज काढला, "जेवाले ये रे भाऊ." वर्ग हसला. शेख सर म्हणाले, "आमची अम्मी हाक मारत नव्हती, लाटणं वाजवायची," आणि बाकावर पेन आपटून त्यांनी ते लाटणं वाजवून दाखवलं. मी हाक मारली ती अगदी पाठ्यपुस्तकातली निघाली. मग लीला उभी राहिली. तिने हाक मारली, "लीला, जेवायला ये." स्वच्छ मराठी. माझ्याहूनही स्वच्छ. मॅडमनी मान डोलावली. शेजारी बसलेल्या मला मात्र तिचा हात दिसत होता. तिने पदराचं टोक बोटाभोवती करकचून गुंडाळलं होतं.

संध्याकाळी सीबीएस स्टँडवर तिचा भाऊ नागलीचं पीठ घेऊन आला होता. त्याने तिला लांबून पाहिलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी कोकणीतून हाक मारली. ती धावत गेली, त्याला उसाच्या रसाच्या गाड्यामागे घेऊन गेली, आणि दोघं तिथे कुजबुजत बोलत राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, "किती वेळा सांगितलं त्याला, हळू बोल म्हणून." मग बसमध्ये बसल्यावर, त्र्यंबक आल्यावर, पुन्हा आपणहून म्हणाली, "आमच्या पोरांनी असा आवाज खाली करायला नको, ताई. एवढं झालं ना, की मला प्रमाणपत्र नाही मिळालं तरी चालेल."

पुढे अभ्यासक्रमातली पुष्कळ पुस्तकं मी वाचली. काही अजून माझ्या कपाटात आहेत. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामध्ये पूल कसा बांधायचा, मूल एका भाषेत जे शिकतं ते दुसऱ्या भाषेत कसं जातं, सगळं त्यात आहे. पण मला ते समजलं ते रसाच्या गाड्यामागे.

पाड्यावर मात्र कुणाला पूल नको होता. पहिलीला आधी कोकणीतून शिकवू आणि हळूहळू मराठीवर नेऊ, असं आम्ही शाळेच्या ओट्यावर बैठक घेऊन सांगितलं. भाताची आवणी संपत आली होती. माणसं चिखलाचे पाय घेऊन आली होती. काशिनाथ म्हणजे जनीचे वडील. ते पुढे बसले होते.

"आमची बोली आमाला येती, बाई," ते म्हणाले. "ती शिकाया पोरं कशाला धाडायची? घरी आयीस हाय ना, ती शिकवती. तुम्ही तुमची शिकवा. तालुक्याला गेलं का आमचं तोंड उघडत नाय. पोरांचं तरी उघडू द्या."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं, हीच अडचण होती. लीला म्हणाली, "काका, तुमची जनी किती बोलते घरी?"

"ती? गप कुठं बसती? बकऱ्यांना शिव्या देती."

"शाळेत जूनपासून एक अक्षर बोललेली नाही. तिचं तोंड तालुक्याला नाही, इथं बंद झालंय."

काशिनाथांनी पायाचा वाळलेला चिखल नखाने खरवडला. मागून कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या बाई शहराच्या, त्यांना कोकणी येत नाय, शिकवणार काय? हशा झाला. शेवटी पोलीस पाटलांनी निकाल दिला. "बारशीपर्यंत बघू. पोरं बोलली तर चालू ठेवा. नाय बोलली तर जुनं चालू करा."

बारस म्हणजे वाघबारस. दिवाळीच्या सुरुवातीला शहरात गायवासराची पूजा होते त्याच दिवशी या डोंगरांत गुराखी वाघदेवाला पूजतात. शिवेवर शेंदूर लावलेला दगड असतो. तिथे घरोघरचा तांदूळ शिजतो. गुराख्यांतला एक जण वाघ होतो, एक अस्वल, एक कोल्हा. त्यांना विचारतात, "आमचे शिवारात येसील का?" त्यांनी नाही म्हणायचं. मग सगळे मिळून आरडाओरडा करत त्यांना पिटाळून लावतात. वर्षभर गुरं सुखाने चरतात.

श्रावण-भाद्रपदात माझं शिक्षण झालं. वर्गात लीला कोकणीतून गोष्टी सांगे, आणि मी मुलांच्या रांगेत बसून शिकत असे. माझ्या कोकणीला मुलं पहिल्यांदा हसली तो दिवस मला आठवतो. मी शेळीला काहीतरी म्हटलं, ते शेळीला म्हणतच नाहीत, असं एका पोराने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि रांगच्या रांग हलू लागली. त्यांच्या लक्षात आलं की या बाईला बोलता येत नाही. एवढी मोठी, आणि येत नाही. त्यानंतर ती माझ्यावर माया करू लागली. एखादा शब्द बरोबर आला की "बेस" म्हणत, शाबासकी द्यावी तसं. एकेक करून मुलं उघडत गेली. मी मराठी शब्द सांगायचा, त्यांनी त्यांचा, असा आमचा बाजार भरू लागला. तक्त्यावरचं जहाज तिथेच राहिलं, पण त्याच्या शेजारी आम्ही जातं काढलं.

जनी तेवढी बोलली नाही. डोळे सगळीकडे, ओठ मिटलेले. काशिनाथांची पोर, आणि बारस जवळ आली.

अभ्यासक्रमाचा शेवटचा पाठ परीक्षकांसमोर द्यायचा होता, प्रत्यक्ष वर्गावर. तारीख मिळाली ती दिवाळीची सुट्टी लागण्याच्या दिवसाची, म्हणजे बारशीची. लीला म्हणाली, वाघबारसच घेऊ. आधी खेळ कोकणीतून, मग तोच संवाद मराठीतून, मग फळ्यावर शब्द. आम्ही पाठ टाचण केलं, कागदाचे मुखवटे केले. वाघ कुणी व्हायचं यावर वर्गात भांडण झालं तेव्हा जनी उठली, वाघाचा मुखवटा उचलला आणि लावून आपल्या जागेवर जाऊन बसली. न बोलता. कुणाची ना म्हणायची हिंमत झाली नाही.

परीक्षक नाशिकचे निवृत्त प्राध्यापक होते. सभ्य माणूस, हातात काळी छत्री, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले. ते मागे खुर्चीवर बसले. खिडक्यांत अख्खा पाडा. "पोरीला वाघ केला का?" एक म्हातारा म्हणाला. काशिनाथ म्हणाले, "बकऱ्या तीच वळती. गुराखीच हाय ती." पण आवाजात काळजी होती.

लीला पाठ घेत होती. अस्वलाला विचारलं, अस्वल म्हणालं, "नीही." नीही म्हणजे नाही. कोल्हाही म्हणाला. मग जनी वर्गाच्या मधोमध आली. लीलाने विचारलं, "आमचे शिवारात येसील का?"

वाघ गप्प.

तिने पुन्हा विचारलं. वाघाने इकडे तिकडे पाहिलं, वर कौलांकडे पाहिलं, आणि गप्प. खिडकीतल्या बायका चुळबुळू लागल्या. वाघ नाही म्हणत नाही ही बारशीच्या दिवशी साधी गोष्ट नव्हती. पोलीस पाटलांनी मान हलवली. परीक्षकांनी चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं, संपलं. तक्त्यावरचं जहाज जिंकलं.

लीला खाली बसली, जनीच्या तोंडाशी कान नेला. मुखवट्याच्या कागदामागून काहीतरी आलं. अगदी हळू, पण लांबलचक. शाळेतलं जनीचं पहिलं वाक्य. ते ऐकताना लीलाचा चेहरा बदलत गेला. आणि मग ती हसली. परीक्षकांसमोर, पाठ चालू असताना, मान मागे टाकून मोठ्याने हसली. मी तिला तशी हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

लीला उभी राहिली. "सर, वाघ म्हणतो, मला तुम्ही आधीच घरात घेतलंय. आता येणार नाही असं कसं म्हणू? खोटं होईल."

खिडकीतून हसू फुटलं ते ओट्यावर, ओट्यावरून अंगणात गेलं. खरंच होतं ते. वाघाला कुणी घरात बोलावून विचारत नाही. बारस शिवेवर असते, उघड्यावर असते, वाघ पलीकडे आणि आपण अलीकडे. पाठ वर्गात द्यायचा असतो म्हणून आम्ही वाघाला कौलाखाली आणला होता. मला ते कळणार नव्हतंच. लीला सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत, मग वसतिगृहात राहिलेली. बारस तिने आईकडून ऐकली होती, शिवेवर ती कधी उभीच राहिली नव्हती.

"सर," ती परीक्षकांना म्हणाली, "पाठ बाहेर न्यावा लागेल."

"पण बाई, टाचणात तसं नाही."

"नाही, सर. वाघाने सुचवलंय."

आणि ती मुलांकडे वळून कोकणीतून बोलू लागली. चला, उठा, शिवेवर चला, एवढंच असेल. पण ते तिने खिडकीतल्या सगळ्यांना, नाशिकच्या प्राध्यापकांना, मागच्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. रसाच्या गाड्यामागची लीला ती नव्हतीच. काशिनाथ माझ्याकडे बघून म्हणाले, "बाईचा आवाज लय मोठा हाय की."

शाळेमागची पायवाट खुरासणीच्या शेतातून शिवेला जाते. पुढे मुलं, मग लीला, मग बायका, मग छत्रीवाले परीक्षक. कमरेइतकी पिवळी फुलं, मधमाश्या, आणि त्यातून जाणारा एक कागदी वाघ. दगडापाशी जनी पलीकडे जाऊन उभी राहिली, फुलांत छातीपर्यंत बुडालेली. लीलाने अलीकडून हात तोंडाशी धरून विचारलं. डोंगराने अर्धा प्रश्न परत पाठवला.

"नीही," जनी ओरडली.

तो आवाज त्या एवढ्याशा देहात कुठे मावला होता कोण जाणे. पुन्हा विचारलं, पुन्हा "नीही." मग तिला मराठीतून विचारलं, आणि मराठीतूनही तेवढ्याच जोरात नाही आलं. मग प्रथेप्रमाणे सगळे वाघामागे धावले. मुलं धावली, पोलीस पाटील धावले, मी साडी सावरत धावले. परीक्षक छत्री उंचावून धावताना मी स्वतः पाहिले. खुरासणीतून बाहेर आलो तेव्हा सगळ्यांचे कपडे परागाने पिवळे झाले होते. काशिनाथांनी मुखवटा काढून जनीचं तोंड पुसलं आणि इकडे न बघताच म्हणाले, "चालू ठेवा, बाई. दोन्ही चालू ठेवा."

परीक्षक दगडाजवळ बसून दम खात होते. "मूल्यमापन कसं करू सांगा," ते लीलाला म्हणाले. "मी तर पाठातच होतो."

आम्हांला दोघींना प्रमाणपत्रं मिळाली. समारंभ छोटासाच होता. मॅडमनी नाव पुकारलं तेव्हा लीला व्यासपीठावरून दोन वाक्यं कोकणीतून बोलली, आणि खाली बसलेल्या तिच्या भावाने अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशी तिला दाद दिली. तिने त्याला हळू बोल म्हटलं नाही.

मी पुढे बदली होऊन नाशिकला आले. लीला पाड्यावरच राहिली. शाळेची बारस दरवर्षी शिवेवर होऊ लागली. वाघ दरवर्षी नवा, विचारणारी लीलाच. पहिलीत गप्प बसणारं मूल तिच्या शाळेत नंतर मी पाहिलं नाही. उलट तिची तक्रार असे, "ताई, ऐकत नाहीत गं आता. दोन-दोन भाषांत उलट बोलतात."

तर परवाची जीप. घाट उतरताना जनीचा मोबाइल वाजला. ती दचकून जागी झाली आणि बोलू लागली. आईचा फोन होता. बारशीला येते आहे, बाईंना घेऊन येते आहे, असं सांगत होती. कोकणीतून आणि पूर्ण आवाजात. शेजारच्या गृहस्थांनी कान चोळला. "मुली, जरा हळू."

"काका, डोंगरात रेंज कमी असते," जनी स्वच्छ मराठीत म्हणाली. "मोठ्यानेच बोलावं लागतं." आणि पुन्हा कोकणीत शिरली, पहिल्याहून मोठ्याने.

मग ती एकाएकी थांबली. पलीकडून आईने काहीतरी विचारलं होतं. मी तेच जीपमध्ये बसल्यापासून स्वतःला विचारत होते. या वर्षी वाघाला कोण विचारणार?

जनीने बाहेरच्या पिवळ्याकडे पाहिलं. "मा," ती म्हणाली. म्हणजे मी.

फोन बंद झाला. नंतर तिने घसा साफ केला आणि आवाज लागतो का बघावं तसं, खिडकीबाहेर तोंड करून म्हणून पाहिलं, "आमचे शिवारात येसील का?"

गृहस्थ चमकले. मागच्या बाकावरची गाठोडी हलली. आणि पुढे, वळणावर गिअर टाकता टाकता, मागे वळूनही न बघता, ड्रायव्हर म्हणाला, "नीही."